वाटेकऱ्याची अर्धी भाकरी

आधीच माफी मागतो. माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल, आणि मोठे शब्द मला येत नाहीत, म्हणून साध्याच शब्दांत सांगतो. गोष्ट जनावरांची आहे. जनावरं खुरांनी भाकरी कशी थापत असतील हे मला विचारू नये. ते मलाही नीटसं ठाऊक नाही.

त्या राज्यात सगळे भाकरी खात आणि सगळे म्हातारे होत. पुष्कळ वर्षं या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

राज्याला राजा आहे असं म्हणत, पण त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. कारभार आळीआळीतल्या रिवाजांवर चालत असे. रिवाज थोडेच होते आणि त्यातला एक सगळ्यांत जुना होता. घरात मयत झालं की त्या घरातली चूल विझवायची. दोन दिवस शेजारचे जेवण आणून देत. तिसऱ्या दिवशी सकाळी आळीचा वाटेकरी येई. शेजारघरून आलेली एक भाकरी तो हातात घेई. तिच्यात मीठ नसे आणि वर कडुलिंबाचं पान ठेवलेलं असे. वाटेकरी ती भाकरी मधोमध मोडी. एक अर्धी तो दुःखातल्याला भरवी आणि दुसरी अर्धी तिथंच बसून स्वतः खाई. मग आपल्या हातानं चूल पेटवून देई. त्यानंतर बाहेरचं अन्न बंद होई आणि घर पुन्हा घरासारखं चालू लागे. ज्यानं भाकरी मोडली त्यानंच ती खायची, दुसऱ्या कुणी खाऊन चालत नसे. ती अर्धी खाल्ली जात नाही तोवर गेलेला जीव उंबऱ्यावरच उभा असतो, एक पाय आत आणि एक पाय बाहेर, असं तिथं मानत.

वरच्या आळीचा वाटेकरी रखमाजी नावाचा गवा होता. त्याच्या आधी त्याचा बाप वाटेकरी होता. रखमाजी फार बोलत नसे. दुःखाच्या घरी तो दाराशी वाकून आत येई, खाली बसे आणि ती बिनमिठाची अर्धी सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाई. घाई करत नसे, पाणी मागत नसे. तो येऊन गेला की घरातल्यांना हलकं वाटे. रखमाजीला काय वाटे, हे कुणी विचारलेलं नव्हतं.

वय झालं तसं त्याचं अंग जड झालं. गुडघे वाजू लागले. चार पावलं चढ आला की धाप लागे. जेवण झालं की डोळ्यांवर झापड येई आणि उठल्यावरही अंगातला शीण तसाच राही. हे सगळं त्यानं चालवून घेतलं असतं, पण त्याला बापाची शेवटची दोन वर्षं आठवत. बापाला कूस बदलायलाही चौघं लागत. चौघं येईपर्यंत बाप एकाच कुशीवर पडून छपराकडे बघत राही आणि कुणी आत आलं की मान फिरवून घेई. ते मान फिरवणं रखमाजीच्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही.

एका पावसाळ्याच्या शेवटाला गंगू सशिणीचा नवरा गेला. रखमाजी तिच्या घरी गेला, भाकरी मोडली, तिला भरवली, स्वतः खाल्ली, चूल पेटवली. आणि मग त्याला उठता येईना. पुढचे पाय टेकून त्यानं दोनदा जोर केला, पण मागचा भाग जमिनीवरून हलेना. शेवटी सहा ससे आणि एक मुंगूस मागून ढकलू लागले.

"वाटेकरी राहायलाच आल्यात जणू," मुंगूस धापा टाकत म्हणालं. "गंगूवयनी, चूल मोठी बांधून घ्या आता."

तीन दिवस रडत असलेली गंगू खुदकन हसली. सगळेच हसले. रखमाजीही हसला. पण घरी जाताना तो आळीतून गेला नाही, मागच्या काट्याकुट्याच्या वाटेनं गेला.

त्या दिवसांत ओढ्याच्या काठी एक करकोचा उतरलेला होता. तो दूरच्या तळ्यांवरून आला होता आणि त्यानं पुष्कळ राज्यं पाहिली होती. वय रखमाजीएवढंच असेल, पण एका पायावर अर्धा दिवस उभा राहत असे. रखमाजी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बुवा, गुडघ्यावर काही औषध हाय का?"

करकोच्यानं त्याला सगळीकडून पाहिलं. "काय खाता?"

"भाकरी. दुसरं काय खाणार?"

"आपल्या घरची किती आणि दुसऱ्यांच्या घरची किती?"

रखमाजी मनातल्या मनात घरं मोजू लागला.

"तुमच्या अंगात तुमचं फारसं काही नाही," करकोचा म्हणाला. "सगळं लोकांच्या घरचं पीठ साठलंय. पीठ सोडा. भाकरी नको, पोळी नको, घुगऱ्या-धपाटं काही नको. पाला खा, कंद खा, ताक प्या. तीन महिन्यांत त्या कड्यावर चढाल."

आळीच्या उत्तरेला उंच कडा होता. थंडीत ऊन सगळ्यांत आधी तिथं येई. तरुण जनावरं सकाळी तिथं जाऊन बसत. रखमाजीनं त्या कड्यावर पाय ठेवून वीस वर्षं झाली होती. त्यानं मान वर करून कड्याकडे पाहिलं आणि मग घरी जाऊन बायकोला सांगितलं, की उद्यापासून माझी भाकरी थापू नकोस.

त्याची बायको हौसा परातीत पीठ घेऊनच बसली होती. ती म्हणाली, "भांडान झालंय का माझ्याशी? तसं सांगा सरळ."

"भांडण न्हाई. गुडघ्यासाठी."

"गुडघा खाली आन् तोंड वर. त्यांचा काय संबंध आला?"

"करकोचेबुवांनी सांगितलंय."

"त्यो मासं खातोय, अवं! त्येच्या आज्यानं तरी पीठ बघितलंय का?" असं म्हणून तिनं दोन भाकरी थापल्याच. रखमाजीनं पाला खाल्ला. त्याची एक भाकरी दुरडीत उरली. दुसऱ्या दिवशीही उरली. तिसऱ्या दिवशी तिनं एकच थापली, पण एका भाकरीचं पीठ परातीत हाताखाली येईना, कडेकडेला पळू लागलं. तेव्हापासून ती एक दिवसाआड दोन थापू लागली आणि शिळी खाऊ लागली.

पहिले पंधरा दिवस रखमाजीचे फार वाईट गेले. डोकं दुखे. शेजारच्या घरात तवा तापला की त्याचं चित्त थाऱ्यावर राहत नसे. एकदा तर तो नुसता वास घेत गंगूच्या भिंतीशी उभा राहिलेला सापडला आणि "ऊन खातोय" असं त्यानं सांगितलं. त्या भिंतीवर ऊन येत नसे. पण महिना झाला आणि अंगात काहीतरी मोकळं झालं. सकाळी डोळे उघडले की झोप पुरी झालेली असे. गुडघ्यांचा आवाज आधी कमी झाला आणि मग थांबला. ओढ्याचा चढ तो न थांबता चढू लागला. हे खोटं नव्हतं. जे झालं ते खरंच झालं, आणि रखमाजीच्या तोंडावर जो आनंद दिसू लागला तोही खरा होता. आपण बापासारखे मरणार नाही, असं त्याला पहिल्यांदाच वाटू लागलं होतं.

आळीनं ते पाहिलं. आधी भिकोबा वानरानं पीठ सोडलं, मग म्हाताऱ्या तरसानं, मग एकेक करत वयातल्या बहुतेकांनी. पूर्वी ते ओट्यावर बसून पिकापाण्याचं आणि सोयरिकींचं बोलत. आता काय खाल्ल्यावर किती हलकं वाटलं, सकाळी पोट कसं साफ झालं, हेच बोलू लागले. एकमेकांकडे जेवायला जाणं बंद झालं, कारण कुणाच्या पथ्याला काय चालतं ते कुणाला ठाऊक नसे. दळायची जाती आठ-आठ दिवस मुकी राहू लागली. जात्याखालचं सांडलेलं टिपायला येणाऱ्या चिमण्या एकदा कधीतरी गेल्या, आणि त्या गेल्याचंही कुणाच्या चटकन ध्यानात आलं नाही.

थंडी पडू लागली तेव्हा येसाई गेली. येसाई म्हणजे कोंडिबा साळिंदराची बायको. कोंडिबा आणि रखमाजी लहानपणापासूनचे दोस्त. एकानं शिंगानं माती उकरायची आणि दुसऱ्यानं कंद शोधायचे, असे ते दोघं वाढले होते. कोंडिबाला मूलबाळ नव्हतं. साळिंदराला कुणी मिठी मारू शकत नाही. त्याच्या पाठीवर हातही ठेवता येत नाही. त्याला काही सांगायचं असेल तर समोर बसून काहीतरी बरोबर खावं, एवढाच एक मार्ग असतो, आणि रखमाजीला तो पन्नास वर्षं ठाऊक होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो कोंडिबाच्या घरी गेला. आळी दारात जमली होती. हौसानं भाकरी आणली होती. कोंडिबा विझलेल्या चुलीजवळ बसला होता. चुलीत त्यानं लाकडं रचून तयार ठेवली होती. रखमाजीनं भाकरी मोडली. एक अर्धी कोंडिबाला भरवली. कोंडिबानं ती खाल्ली. मग रखमाजीनं दुसरी अर्धी उचलली आणि तोंडापर्यंत नेली.

त्याला पिठाचा वास आला. त्याला बापाचं मान फिरवणं आठवलं. इतके दिवस, इतक्या कष्टानं, एवढं सगळं, आणि आता एका अर्धीनं पुन्हा पहिल्यासारखं झालं तर? त्यानं भाकरी खाली घेतली, फडक्यात गुंडाळली आणि म्हणाला, "ही मी घरी नेऊन खातो."

दारातला भिकोबा वानर घाईघाईनं म्हणाला, "हां, हां, घरी खातील. तब्येतीचं हाय त्यांच्या. पेटवा चूल."

रखमाजी चुलीकडे वळला. कोंडिबाचे काटे हळूच उभे राहिले.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "खाल्ल्यावर ये."

पहिले काही दिवस कोंडिबा सकाळी कुंपणाशी येऊन विचारत असे. "खाल्लीस का रं?" खाल्ली असं खोटं रखमाजीला त्याच्याशी बोलवत नसे. तो म्हणे, "आज पोटात जरा बरं न्हाई. उद्या खातो." दुसऱ्या दिवशी म्हणे, "बुवांना विचारतो एकदा." मग कोंडिबानं विचारायचं बंद केलं. तो कुंपणाशी येई, रखमाजीकडे बघे आणि परत जाई. भीक मागायची त्याची जात नव्हती.

त्याची चूल विझलेलीच राहिली. बाहेरचं अन्न दोन दिवसांपुरतंच घ्यायचं असतं, म्हणून तो कुणाकडून काही घेईना. कच्चे कंद खाई, भिजवलेले चणे खाई. थंडी वाढत होती. हौसा एक दिवस गरम पिठलं घेऊन गेली. त्यानं ते वाकून नमस्कार करून परत दिलं.

"भावजी, पेटवा की आपल्या हातानं," ती म्हणाली. "कोण बघतंय?"

"येसाई बघतीया," कोंडिबा उंबऱ्याकडे मान करून म्हणाला. "म्हैनाभर दारात उभी हाय बाई. धड आत यीना, धड जाईना. तिचं पाय दुखायचं, वयनी, तुम्हाला ठावं हाय. एवढा वेळ कधी उभी ऱ्हायली न्हाई ती."

मधल्या काळात खालच्या आळीत दोन मयतं झाली. तिथला वाटेकरी भिकोबाचा भाऊ होता. त्यानंही भाकरी मोडून अर्धी फडक्यात बांधली आणि "घरी खातो" म्हणाला. त्या घरांनी ते मानलं आणि चुली पेटवल्या. पुढं पुढं तीच रीत झाली आणि सुटसुटीत आहे असंही काही जण म्हणाले. कोंडिबाला समजवायला चार जण गेले. असं हट्टाला पेटून कसं चालेल, काळ बदलला, तूही मान. तो ऐकून घेई आणि म्हणे, "त्यांनी मानलं, त्यांचं बरोबर आसंल. मी त्येला खाताना बघितलं न्हाई."

रखमाजीच्या घरात ती अर्धी भाकरी खुंटीला फडक्यात टांगलेली होती. हौसा तिच्याखालून ये-जा करी. एके दुपारी ती थांबली आणि म्हणाली, "एका घासाचं काम हाय. एका घासानं काय तुमी मरणार हाय का?"

"एका घासानं न्हाई. पण एक खाल्ला की दुसरा खावा लागतो. आज कोंडिबा, उद्या आणिक कुणी. आळीत मरणं थांबत्यात व्हय?"

"न्हाई थांबत. म्हणून तर वाटेकरी आसतोय."

रखमाजी हळू आवाजात म्हणाला, "बाबाला तू बघितलं न्हाईस. तू यायच्या आधीच गेला त्यो. मला तसं पडून ऱ्हायाचं न्हाई, हौसा. मला लई भ्या वाटतंय."

हौसाची मान खाली गेली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, आणि ते रखमाजीला बोलण्यापेक्षा जास्त जड गेलं.

तो पुन्हा ओढ्यावर गेला. करकोचा पाण्यात उभा होता. रखमाजीनं त्याला कोंडिबाचं सगळं सांगितलं आणि विचारलं, की एक अर्धी चालेल का.

"गुडघ्याला चालणार नाही," करकोचा म्हणाला.

"आणि कोंडिबाला?"

करकोचा खरंच गोंधळला. त्यानं दुसरा पाय खाली टेकला. "मी मासे खातो, रखमाजी. एकटा उभा राहून खातो. आमच्यात कुणी गेलं की आम्ही उडून पुढच्या तळ्यावर जातो. तुमच्या चुलींचं मला काही कळत नाही. तुम्ही गुडघ्याचं विचारलंत, मी गुडघ्याचं सांगितलं."

पौषात कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी रखमाजी कड्यावर चढला. न थांबता चढला, आणि वर पोचला तेव्हा त्याचा श्वासही वाढलेला नव्हता. आळीतले इतर म्हातारे आधीच येऊन बसले होते, सगळे सडसडीत, प्रत्येक जण आपापल्या उन्हाच्या तुकड्यात. एकानं सांगितलं की काल त्यानं फक्त मुळ्याचा पाला खाल्ला. दुसऱ्यानं सांगितलं की त्यानं तोही खाल्ला नाही. मग ते उन्हाकडे पाठ करून बसले.

रखमाजीला वरून दूरचं तळं दिसलं. वीस वर्षं ते त्याला बघायचं होतं. त्यानं ते बघितलं. मग त्यानं खाली आळीकडे पाहिलं. तरुण घरांत चुली पेटत होत्या आणि छपरांतून धूर वर येत होता. म्हाताऱ्यांच्या घरांतूनही पाला शिजवण्यापुरता थोडा थोडा येत होता. एकाच छपरावर काही नव्हतं. त्या छपरावर दंव पडलं होतं आणि ते सूर्य वर आला तरी तसंच पांढरं होतं, कारण खालून त्याला कसली ऊब नव्हती. रखमाजीची नजर तळ्याकडे परत वळेना.

"काय बघताय एवढं?" भिकोबानं विचारलं.

"काही न्हाई," असं म्हणून तो उठला आणि उतरू लागला.

घरी येईपर्यंत दिवस कलला होता. त्यानं खुंटीवरून फडकं काढलं. आतली अर्धी वाळून लाकडासारखी झाली होती.

"मी खातो ही," तो हौसाला म्हणाला. "त्याच्यासमोर बसून खातो. उद्या सकाळी जातो."

हौसा पटकन उभी राहिली. "आत्ता जावा."

"वाटेकरी सकाळी जातो. रिवाज हाय."

"रिवाजाला दोन म्हैनं झालं, अवं. उजेड हाय अजून, जावा की!"

पण रखमाजीच्या मनात होतं, की एवढं चुकलंय तर आता तरी नीट करावं. न्हाऊन जावं. ताजं कडुलिंबाचं पान तोडून न्यावं. आणि त्याच्या मनात आणखीही काही होतं, ते त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही. एक दिवस आणखी असंच हलकं राहावं, एवढंच ते होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं थंड पाण्यानं अंग धुतलं, पान तोडलं आणि तो कोंडिबाच्या दारात गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कोंडिबा चुलीला टेकून बसला होता, तोंड उंबऱ्याकडे. त्याचे सगळे काटे खाली पडलेले होते, मऊ दिसत होते. रखमाजीनं त्याच्या पाठीवर खूर ठेवला. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच तो तिथं ठेवता आला.

पाठ चुलीइतकीच गार होती. रखमाजी समोर बसला. मग त्यानं फडकं सोडलं, अर्धी भाकरी समोर घेतली, तिच्यावर पान ठेवलं आणि खायला सुरुवात केली. ती पाण्यात भिजवावी असं त्याला एकदा वाटलं, पण त्यानं पाणी घेतलं नाही. दाढेखाली ती दगडासारखी वाजत होती. त्यानं शेवटचा तुकडाही सोडला नाही, जमिनीवर पडलेलं उचलून खाल्लं. चुलीत लाकडं रचलेलीच होती आणि त्यांच्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. रखमाजीनं ते बाजूला केलं आणि चूल पेटवली.

पहिल्यांदा गंगूनं धूर पाहिला. ती हातातलं टाकून बाहेर आली आणि ओरडली, "अगं बया, कोंडिबाच्या घरातनं धूर निघालाय!" शेजारीण बाहेर आली, मग दुसरी आली. छपरावरचं दंव वितळून वळचणीतून थेंब थेंब पडू लागलं होतं.

"खाल्ली वाटतं एकदाची वाटेकऱ्यानं."

"सुटली गं बाई येसाई. आता बसंल कुठंतरी."

"म्हातारं कधीपासनं कच्चं खातंय. कुणीतरी दोन भाकरी टाका गं त्येच्यासाठी, चांगल्या जाड टाका. आजच्या दिवस घेईल."

आळीत तवे चढले. पुष्कळ दिवसांनी एकदम तीन-चार घरांत थापण्याचा आवाज येऊ लागला. हौसानं परात घेतली आणि दोघांचं पीठ काढलं. बायका दुरड्यांत गरम भाकऱ्या झाकून, मोठमोठ्यानं बोलत, हसत कोंडिबाच्या घराकडे निघाल्या. आत रखमाजीला त्यांचे आवाज जवळ येताना ऐकू येत होते. तो जागचा हलला नाही. एकेक लाकूड चुलीत पुढं सारत राहिला, म्हणजे त्या दाराशी पोचेपर्यंत तरी धूर थांबायला नको.